मधली लांब सीट

चिंचणीला पाहुणे आले की आमच्या गल्लीच्या तोंडाशीच नाकाला रुमाल लावतात. बोंबील वाळत टाकलेले असतात, कुठे जवळ्याचा ढीग पसरलेला असतो, त्यावर माशा घोंघावत असतात. मी त्या वासात वाढले, मला त्याचं काही वाटत नाही. मला मळमळलं ते तलासरीच्या बाजूला, हायवेवरच्या एका काचेच्या शोरूममध्ये. आत पाऊल टाकलं आणि नवं रबर, नवं प्लास्टिक, त्यावर मारलेला मोगऱ्याचा फवारा आणि विक्रेत्याच्या अंगावरचं अत्तर असं सगळं एकदम नाकात गेलं. त्यानंतर तिथे जे झालं त्याचाही मला तेवढाच उबग आला. आता रस्त्यावर तशी गाडी दिसली तरी तो वास आठवतो.

गाडी आईसाठी घ्यायची होती. आईने जन्मभर सुकी मासळी विकली. टोपली डोक्यावर घेऊन डहाणूचा बाजार, कासाचा बाजार, कुठे म्हणाल तिथे ती जायची. मग एके दिवशी वाळवणाच्या जागी पाय घसरून पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डावा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला. बसली की तो पाय काठीसारखा समोर. एसटीच्या सीटवर मावत नाही, रिक्षात तर बाहेरच येतो. बाई घरात अडकली. कधी काही मागणारी नव्हे, पण एवढं मात्र तिने मागितलं, "एकदा मना विवळवेढ्याला महालक्ष्मीला नेऊन आणा." पूर्वी ती दर वर्षी जायची. ते तिचं चुकलं होतं आणि चुकल्याची रुखरुख तिच्या जिवाला लागली होती.

मी तलासरीला शाळेत शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी येते. घरी आई, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं. भाऊ तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. महालक्ष्मीचा विषय निघाला तेव्हा त्याने छाती फुगवून सांगितलं, "रिक्षाबिक्षा कशाला? आईसाठी मोठी गाडीच घेऊ." मला खरंच भरून आलं होतं. पण मग ते "आईसाठी" त्याच्या तोंडात असं बसलं की विचारू नका. कारखान्यात सांगितलं, आईसाठी. शेजाऱ्यांना सांगितलं, आईसाठी. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत रात्रीचं जेवण थंड करायचा, तेही आईसाठीच. आई बिचारी ताटाशी बसून राहायची.

मी म्हटलं, आईसाठी घ्यायची तर आईला शोरूमला घेऊन जाऊ. बसवून बघू, पाय मावतो का ते बघू. यात न समजण्यासारखं काय आहे? पण भावाची बायको माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी काहीतरी अभद्र बोलले. आमच्याकडे नवी होडी असो, नवं जाळं असो, घरातली विधवा बाई त्या वेळी समोर राहत नाही. पूजा झाली की मग काही नाही, मग ती हवी तितकी हात लावू दे. माझे वडील गेल्यावर भावाची मोटारसायकल आली तेव्हा आई दाराआड उभी राहून बघत होती, ते मी पाहिलं आहे. तेव्हाही मला ते चीड आणणारं वाटलं होतं, पण मोटारसायकलवर काही आईला बसायचं नव्हतं.

"अगं, ही गाडी आहे, होडी नाही," मी म्हटलं.

"ताई, लोकं बोलतात," भाऊ म्हणाला.

आणि आईच म्हणाली, "नको गं. मी नाय येत. उगाच पोराच्या गाडीला काय झालं तर माझ्या जिवाला घोर."

मग आमच्या घरच्यांनी जी युक्ती काढली ती ऐकून तुम्हाला हसू येईल, मला तेव्हा आलं नाही. आईऐवजी मावशीला न्यायचं ठरलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, डहाणूला असते. तिचा नवरा आहे, म्हणजे शुभकार्याला चालते. आणि अंगाने ती हुबेहूब आईएवढी, दोघींची पोलकी एका मापाची. "मावशीला बसवून बघू," भाऊ म्हणाला, "तिला झालं की आईला झालं." शिंप्याकडे मापाचं पोलकं न्यावं तशी आम्ही मावशी नेली. पण मावशीचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. ती आजही पाटावर मांडी घालून तासभर बोंबील साफ करते. हे मी भाड्याच्या जीपमधून जाताना सांगितलं, तिथे पोचल्यावर सांगितलं, विक्रेत्यासमोर सांगितलं. प्रत्येक वेळी भाऊ "हो हो" म्हणाला.

विक्रेता सीमेपलीकडचा असावा. मराठी, हिंदी, गुजराती एकाच वाक्यात बोलत होता आणि बोलताना सगळे दात दाखवत होता. त्याने आमच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मावशीला ओळखलं. म्हणजे हिच्या हातात माणसं मऊ करायची किल्ली आहे हे ओळखलं.

"मासी, बेसो ने, आरामथी बेसो. घरची गाडी समजा."

मावशी चपला काढून गाडीत चढली. होय, चपला काढून, देवळात जावं तशी. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या होत्या, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या. मावशी त्यात रुतली आणि तिचा चेहरा फुलला. "अगं बाई, झोपाळ्यात बसल्यासारखं वाटतंय!" विक्रेत्याने बटण दाबून खालून गार वारा सोडला. मावशी दचकून उठली, लुगडं सावरलं, पुन्हा बसली आणि खिदळायला लागली. भाऊ तिचा फोटो काढत होता. माझा भाऊ दुसऱ्याच्या गाडीत बसलेल्या दुसऱ्याच्या आईचा फोटो काढत होता, आणि कोणालाच त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

मी विक्रेत्याला विचारलं, "या दोन खुर्च्यांऐवजी मध्ये एकच लांब सीट येते का? बाकासारखी?"

"येते ना बेन. पण ती खालच्या मॉडेलमध्ये."

मग मी त्याला समजावलं की आमच्या आईचा पाय वाकत नाही. लांब सीट असली तर ती दाराला पाठ लावून पाय सीटवर सरळ ठेवून बसू शकेल. तो मान हलवत राहिला, जसा पाऊस किती पडला हे ऐकताना माणूस मान हलवतो तसा. मग भावाकडे वळला आणि म्हणाला, "पण सर, खालच्या मॉडेलमध्ये सनरूफ नथी."

सगळी गंमत इथे होती. वरचं छप्पर उघडणारी काच हवी तर वरचं मॉडेल, आणि वरच्या मॉडेलात मधली लांब सीट मिळत नाही, दोन खुर्च्याच मिळतात. म्हणजे एका पारड्यात आईचा पाय आणि दुसऱ्यात छपराचं भोक. मी हे असंच, याच शब्दांत म्हटलं. भावाने खाली बघितलं. त्याच्या बायकोने मुलांकडे बघितलं. मुलं शोरूममधल्या गाडीच्या छपरातून मुंडकी बाहेर काढून एव्हाना ओरडायला लागली होती.

त्यानंतरचा तास मी विसरू म्हणते तरी विसरत नाही. रंगीत दिव्यांची पट्टी हवी की नको, यावर चर्चा. दारात पाय ठेवायच्या जागी गाडीचं नाव उजळतं, त्यावर चर्चा. मागचं दार बंपरखाली पाय हलवला की आपोआप उघडतं, ते तर विक्रेत्याने चार वेळा करून दाखवलं आणि भावाने स्वतः करून बघितलं. एक पाय हवेत हलवत उभा असलेला माझा भाऊ! घरात एका बाईचा पाय हलत नाही आणि हा पाय हलवून दार उघडतोय. मला वाटलं, आता तरी याला काहीतरी आठवेल. त्याला आठवलं ते एवढंच की ही सोय घ्यायलाच हवी. सुगंधाची कुपी बसवायची का, असं विक्रेत्याने विचारलं तेव्हा त्याची बायको म्हणाली, "हो, ते पाहिजेच. आणि एक नियम, गाडीत मासळी आणायची नाही." मासळीवर वाढलेलं, मासळीवर शिकलेलं घर!

बाहेर येऊन मी भावाला एकट्याला गाठलं. हायवेवरचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागलं. "लांब सीटवाली घे. मुलं छपरातून बाहेर न बघता जगतील."

"ताई, तू समजत नाहीस. उद्या विकायला काढली तर सनरूफवालीला भाव आहे. आणि आई किती वेळा बसणार आहे?"

हे तो बोलून गेला. बोलल्यावर त्याचं त्यालाही कळलं असावं, कारण लगेच म्हणाला, "मावशी बसली ना आरामात. आई पण बसेल. सीट मागे सरकते." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणी याच तोंडात मी भात भरवला होता. त्या क्षणी मला त्याची इतकी किळस आली की मी परतीच्या वाटेत मुद्दाम मागे बसले, त्याचं तोंड दिसू नये म्हणून.

गाडी आली. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही असं ठरलं, कारण आमच्याकडे ते फाटेपर्यंत कोणी काढत नाही. पूजा विवळवेढ्यालाच करायची, आणि तिथवर पहिल्यांदा सगळ्यांनी जायचं. आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. पहाटेपासून तयार होऊन ती ओट्यावर बसली होती, ओटीचं सामान मांडीवर. तिला हौस होती हो. मला ते आठवलं की आजही गलबलतं.

दार उघडलं. आईने आधी उजवा पाय आत टाकला, दांडीला धरून बसली, आणि डावा पाय आत घ्यायला गेली तर पाऊल समोरच्या सीटच्या पाठीला अडलं. सीट मागे सरकवली, तरी अडलं. तिरकी बसली तर मधली ती झोपाळ्याची दांडी बरगडीत. प्लास्टिकवरून ती घसरायला लागली, मी धरली. समोरच्या सीटवर मावशी होती, मांडीवर नारळाचा कलश घेऊन, कारण नव्या गाडीत पहिल्या फेरीला पुढे सवाष्ण बसते. "मावशी, जरा पुढे सरक," मी म्हटलं. ती सरकली तर तिचं पोट समोर टेकलं आणि कलश हनुवटीला. आईचा पाय तरीही बाहेरच.

"आईला पुढे बसवा," मी म्हटलं. "पुढची सीट पूर्ण मागे घेतली की पाय सरळ जाईल."

आजूबाजूच्या ओट्यांवर बाया उभ्या होत्या. आईच पटकन म्हणाली, "नको, नको. पूजेच्या आधी मी पुढे नाय बसत." मग ती हात टेकत टेकत गाडीच्या मागे गेली आणि भावाला म्हणाली, "ते मागचं दार उघड बरं. मागे टोपल्या ठेवतात तिथे मी पाय लांब करून बसते. टेम्पोत नाय का बसत होते?"

भावाने बंपरखाली पाय हलवला. दार सुरेल आवाज करत वर गेलं. मागच्या रांगेतली एक सीट दुमडली आणि त्या सपाट जागेवर चादर टाकली. आईला दोघांनी उचलून ठेवलं. उरलेल्या एका सीटवर, तिच्या शेजारी, मी बसले. आणि तुम्हाला सांगते, सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. "बघ, किती ऐसपैस आहे!" भावाची बायको म्हणाली. "आईला इथेच बरं." सहा सीटची गाडी, आईसाठी घेतलेली, आणि आई सामानाच्या जागी. मला वाटत होतं, एखाद्याला तरी लाज वाटेल. पण माणसांना सुटल्यासारखं वाटलं की लाजेची आठवण राहत नाही.

आशागड गेलं, चारोटी आली, हायवे लागला. पुढे रंगीत दिवे दिवसाढवळ्या चालू होते. मुलं छपरातून अर्धी बाहेर, मागून येणाऱ्या ट्रकांना हात करत होती. खड्डा आला की आई हवेत उडायची आणि खाली आपटायची, आणि मी बघितलं की म्हणायची, "काय नाय, काय नाय." सुगंधाच्या कुपीचा वास मागपर्यंत येत होता. दोनदा मला ओकारी येईलसं वाटलं.

देवळाशी मात्र सगळं नीट झालं. गुरुजींनी चाकांना हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फुटला. आईला मी आणि तिथल्या एका बाईने धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. ती खाली वाकू शकत नव्हती, उभ्यानेच हात जोडले. बराच वेळ जोडले. परत वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी ठरवलं, जाऊ दे, झालं गेलं ते झालं. दर्शन झालं ना. भावानेच घडवलं ना. मी खरंच सगळं गिळायला तयार होते.

गाडीपाशी आलो. मावशी पुढच्या सीटवर बसली होती, प्रसादाचा पेढा खात, गार वारा लावून. आई त्या दाराशी जाऊन उभी राहिली. शांतपणे भावाला म्हणाली, "आता पूजा झाली. आता मी पुढे बसते."

खरं होतं. आता कुठला नियम आड येत नव्हता. लोक बोलणार नव्हते, देवी कोपणार नव्हती, गाडीला काही होणार नव्हतं. मी भावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो मावशीला म्हणेल, मावशी, मागे ये.

भाऊ घड्याळाकडे बघत म्हणाला, "आई, आता कुठे हलवाहलव करतेस? मावशी बसलीय. मागे सगळी सोय केलेली आहे. तासाभराचा तर रस्ता."

मावशीने पेढा चावायचं थांबवलं. अर्धवट उठल्यासारखं केलं आणि कोणी उठ म्हणेना म्हणून पुन्हा टेकली. भावाच्या बायकोने मुलांना आत ढकललं. एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. मला त्या रूढीची चीड होती, वर्षानुवर्षांची. पण रूढी निदान पूजेपर्यंत होती. हे तर नुसतं हलायचा कंटाळा होता, आणि इतके दिवस तो रूढीच्या पदराआड बसलेला होता.

भावाने पाय हलवला. मागचं दार गाणं म्हणत वर जायला लागलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चल." मला वाटलं ती चढायला आधार मागतेय. पण ती उलट्या दिशेला निघाली, रस्त्याकडे. डहाणूला जाणारी एक जीप माणसं भरत उभी होती. ड्रायव्हर गुटखा थुंकत होता, जीपच्या मडगार्डावर थुंकीचे ओघळ वाळलेले होते.

"पुढची सीट मना पाहिजे," आई म्हणाली. "पाय वाकत नाय."

पुढे बसलेल्या माणसाने कुरकुर केली, ड्रायव्हरने त्याला मागे घातलं. आई दांड्याला धरून चढली, पाय लांब केला. पाय बसला. मी मागे माणसांत कोंबून बसले. भाऊ धावत आला, "ताई, तू तरी समजाव, काय तमाशा लावलाय, लोक बघतायत." मी तोंड फिरवलं. जीप सुटली.

चारोटीला वळलो तेव्हा आमची नवी गाडी मागे दिसली, छप्पर उघडं, मुलं हात हलवत होती. आईनेही पुढून हात बाहेर काढून हलवला. मग मान मागे वळवून, गर्दीतून मला शोधून म्हणाली, "गाडी चांगली घेतली हो त्याने. पोरांना मजा येते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.